गाणे आपले केव्हा होते?

देशभक्तीच्या गीतांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. काव्याचा चोखंदळ जाणकार त्यांना ‘प्रासंगिक’ म्हणून बाजूस सारतो. सभेतला श्रोता त्यांच्यासाठी उभा राहतो, टाळी वाजवतो आणि घरी जातो. एकाने अनादराने आणि दुसऱ्याने आदराने, पण गाण्याचा विचार दोघांनीही टाळलेला असतो. मी कुरुंद्याचा शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो हे खरे, पण शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. साहित्यशास्त्राची परिभाषा माझ्यापाशी बेताचीच. तथापि मुलांकडून वर्षानुवर्षे गाणी पाठ करून घेणाऱ्या माणसाला एक प्रश्न सुटत नाही. एकाच मैदानावर, त्याच मुलांनी, तितक्याच मोठ्याने म्हटलेल्या दोन गाण्यांपैकी एक ओठांवर राहते आणि दुसरे पोटात जाते, ते का? याचे उत्तर चालीत थोडे आहे, शब्दांत थोडे आहे. पण बरेचसे त्या गाण्याच्या जन्मकथेत आहे असे मला वाटते.

आपल्याकडे या जातीच्या गाण्यांचा वडीलधारा म्हणजे पोवाडा. सन १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला आणि त्या प्रसंगावर अज्ञानदास शाहिराने पोवाडा रचला. त्याबद्दल त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असे परंपरा सांगते. म्हणजे गाण्याला प्रसंग होता, आश्रयदाता होता आणि मोबदलाही होता. यात कमीपणा काहीच नाही. सुतार मजुरी घेतो म्हणून पाळणा मायेचा नसतो असे कोण म्हणेल?

तुळशीदास शाहिराच्या तानाजीवरील पोवाड्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले आणि त्यांच्यामुळे गडाला सिंहगड हे नाव मिळाले, असे लहानपणापासून आपण ऐकत आलो. इतिहाससंशोधकांनी मात्र दाखवून दिले आहे की, सिंहगड हे नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रव्यवहारातही येते. मग शाहीर खोटा ठरला काय? मला तसे वाटत नाही. घरचे लग्न बाजूला ठेवून लढाईला निघालेला माणूस लोकांना मनात जपून ठेवायचा होता. गडाचे नाव त्यांनी त्याच्या पदरात टाकले. कागद इतिहासाचा पुरावा देतो, पोवाडा लोकांच्या कृतज्ञतेचा. दोन्ही पुरावे ठेवावेत, फक्त एकाच्या जागी दुसरा ठेवू नये. आमच्या गावाचे नाव ज्यांच्या आडनावात आहे, त्या नरहर कुरुंदकरांनी हीच शिस्त महाराष्ट्राला शिकवली. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेली त्यांची दीर्घ पत्ररूप प्रस्तावना ज्यांनी वाचली असेल, त्यांना ठाऊक आहे की, चिकित्सेने थोर पुरुष लहान होत नाही.

पुढे १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहिला, तो कोणा दरबारासाठी नव्हे. कुणबी, माळी, महार, मांग अशा मागे लोटलेल्या लोकांच्या उपयोगी पडावा, हा हेतू त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला. राजा तोच, पण हा राजा कोणाचा, या प्रश्नाला त्या पोवाड्याने निराळे उत्तर दिले. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी असलेले पुष्कळसे धन त्यामुळे कागदावर आले. तोवर या गाण्यांना ना छापील प्रत होती, ना सरकारी मान्यता. तरी ती टिकली होती.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेचे राष्ट्रगीत घ्या. १८१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर इंग्रजांच्या तोफा रात्रभर चालल्या आणि सकाळी आपला झेंडा किल्ल्यावर अजून फडकतो आहे, हे पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने ते काव्य लिहिले. त्याला बसवलेली चाल मात्र लंडनच्या एका हौशी मंडळाच्या मेजवानीतल्या गाण्याची! ज्या इंग्रजांशी लढाई, त्यांचीच चाल. आणि त्या गीताला राष्ट्रगीताचा अधिकृत मान मिळाला तो १९३१ मध्ये, शंभर वर्षांहून अधिक काळ गेल्यावर. दुसरे उदाहरण वुडी गथ्री या भटक्या गवयाचे. देशावर देवाची कृपा मागणारे एक गाणे तेव्हा रेडिओवर सारखे वाजत असे. त्याचा वैताग येऊन १९४० मध्ये गथ्रीने ‘ही भूमी तुमची’ अशा अर्थाचे गाणे लिहिले. त्यात खासगी मालकीच्या पाटीवर आणि मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांवर कडवी होती. शाळांतून ते गाणे लोकप्रिय झाले, पण ती कडवी बहुधा गळून गेली. चिडून लिहिलेले गाणे अशा रीतीने गोड करून मुलांच्या हाती देण्यात आले. गाण्याची जन्मकथा काढून घेतली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आपल्या दोन थोर गीतांकडे वळू. १९०९ मध्ये इंग्लंडातील ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांनी सागराला उद्देशून जे गीत रचले, त्यात वस्तुतः जयजयकार नाही. परत नेण्याचे वचन देऊन दूर घेऊन आलेल्या सागराशी एका परक्या मुलुखात अडकलेल्या तरुणाने मांडलेले ते भांडण आहे. देश म्हणजे तेथे नकाशा नाही, आईच्या दारात पोचण्याची ओढ आहे. म्हणूनच ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, असा आमच्याकडचा मुलगाही ते ऐकून गप्प होतो. वसतिगृहातली पहिली रात्र त्याने अनुभवलेली असते.

दुसरे गीत अण्णाभाऊ साठे यांचे ‘माझी मैना’. अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी ही छक्कड रचली. तिची घडण पाहण्यासारखी आहे. प्रारंभी ती सरळसरळ विरहाची लावणी वाटते: मुंबईला पोट भरावयास आलेला नवरा, गावी राहिलेली बायको. ऐकणारा गिरणीकामगार आधी आपल्या घरच्या आठवणीने हळवा होतो आणि मग कवी हलकेच त्याचा हात धरून त्याला बेळगाव, कारवार, निपाणीच्या विरहापाशी नेतो. राजकारण भाषणाने सांगितले असते तर ते कानांवरून गेले असते. येथे ते बायकोच्या आठवणीतून आले. राज्य १ मे १९६० रोजी झाले. पण सीमाभागाची ताटातूट मिटली नाही. म्हणून ही छक्कड अजून शिळी झालेली नाही.

दोन्ही गीतांत काय समान आहे? दोन्ही वियोगाची आहेत. ‘आमचा देश थोर’ असे सांगून ती सुरू होत नाहीत. काहीतरी हरवले आहे, येथून सुरू होतात. जेथे उणीव असते तेथे ऐकणाऱ्याला शिरण्यास जागा मिळते. सगळे भरलेलेच असेल तर त्याने बसावे कोठे? आपली पुष्कळशी देशगीते विशेषणांनी इतकी गच्च भरलेली असतात, की त्यांत माणसाला पाऊल टाकावयास वाव राहत नाही. ती वाईट असतात असे नाही. ती फक्त दाराबाहेर उभी करतात.

मराठवाड्यातील माणसाला या विषयावर बोलण्याचा थोडा अधिक हक्क आहे असे मी समजतो; कारण हुकमाने म्हणावे लागणारे गाणे आणि हुकूम मोडून म्हटलेले गाणे, अशी दोन्ही आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली. निजामाच्या राज्यातील शाळांतून निजामाचे राज्य चिरकाल टिको, असे मागणारे राज्यगीत म्हटले जाई. त्याची भाषा घरची नव्हती आणि त्यातले मागणेही घरचे नव्हते. दुसरीकडे १९३८ च्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबादच्या कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी संप केला. अनेकांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. त्यांतल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच. ‘वंदे मातरम्’ हे बंकिमचंद्रांच्या १८८२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीतले, बंगालच्या मातीतले गीत. त्याच्या संस्कृत शब्दांचा अर्थ त्या सर्वच मुलांना नेमका लागत असेल असे नाही. परंतु ते म्हटल्यामुळे शिक्षण बुडते, हे त्यांना ठाऊक होते, आणि तरी त्यांनी ते म्हटले. त्या दिवसापासून ते गीत बंगालइतकेच मराठवाड्याचेही झाले. गाण्यासाठी किंमत मोजली की त्याच्या मालकीचा कागद निराळा लागत नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या राज्यगीताकडे पाहू. राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले. शब्द नागपूरच्या कवीचे, चाल बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळे यांची आणि आवाज वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांचा. खळ्यांचे चातुर्य असे, की भावगीताचा हळवेपणा दूर ठेवून त्यांनी पोवाड्याचा ठसका घेतला. साबळ्यांच्या गळ्यातले लोकरंगभूमीचे पाणी त्याला मिळाले. म्हणून हे गीत ऐकताना कवितेपेक्षा डफाची आठवण अधिक होते. हा गुण मोठा आहे. परंतु वियोगाची, उणिवेची ती जागा यात नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. हे विजयाचे गीत आहे आणि विजयाच्या गीताला स्वभावतःच छाती असते, डोळे नसतात.

आमच्याकडे कोणी विचारते, यात आमची पूर्णा कोठे आहे, कयाधू कोठे आहे? तक्रार समजण्याजोगी आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राच्या गौरवगीतांत तो पुष्कळदा उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा कडेला उभा असतो. पण मी मुलांना फळ्यावर नद्या काढून दाखवतो. पूर्णा गोदावरीला मिळते. कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धेचे पाणी प्राणहितेतून अखेर गोदावरीतच. गीतात वर्धाही आहे आणि गोदावरीही. एवढा भूगोल कळला की मुलाचा आवाज बदलतो. गाणे त्याच्या शिवारातून जाऊ लागते. हुकमाने गाणे मैदानावर येते. ते घरी न्यावयाचे तर त्याची कथा सांगितली पाहिजे आणि हे काम शासनाचे नव्हे, शिक्षकाचे आणि आईबापांचे आहे.

आता ज्यांना कोणी देशगीते म्हणत नाही, अशा गाण्यांविषयी. साने गुरुजी देशासाठी तुरुंगात गेले, देशावर त्यांनी गीते लिहिली आणि त्याच गुरुजींनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केले. देश आणि जाते ही दोन निराळी खाती आहेत असे त्यांना वाटले नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी त्यांच्यासाठी म्हटलेल्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात, ते पुतळ्यासारखे नव्हे, घरच्या माणसासारखे. भाऊ, बाप, लेक यांना ज्या ओवीने हाक मारायची त्याच ओवीत बाबासाहेब. राज्यघटना, शिक्षण, मानाने जगणे, हे सारे पिठाबरोबर बाहेर पडते. त्या बायकांना कोणी कवी म्हटले नाही, बक्षिसाचा तोडा दिला नाही. परंतु ज्या कसोटीला सावरकर आणि अण्णाभाऊ उतरतात त्याच कसोटीला या ओव्या उतरतात: तेथे काही उणे आहे, कोणी आपले आहे आणि ऐकणाऱ्याला बसावयास जागा आहे. समीक्षेने देशगीतांची यादी करताना जाते वगळले तर ती यादी अर्धी राहील.

दिवाळीला सगळे घर एकत्र येते. आमच्या भागात ज्यांनी रझाकारांचे दिवस लहानपणी पाहिले, अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. जाते घरोघर थांबून कितीतरी वर्षे झाली. पण ओवी अजून कोणा आजीच्या ओठांत आहे. फराळाचे ताट पुढे ठेवताना तिला एक गाणे म्हणावयास सांगावे. ते कोठे ऐकले, कोणी शिकवले, तेव्हा घरात काय चालले होते, हेही विचारावे आणि नातवाने वहीत उतरून घ्यावे. शुद्धलेखनाचे गुण मी कापणार नाही.