मृच्छकटिकांतील सभिक आणि राजाचा वांटा

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकास आपले टीकाकार बहुधा विनोदाच्या सदरांत टाकून मोकळे होतात. हरलेला संवाहक उलट्या पावलांनीं ओसाड देवळांत शिरतो, तेथें मूर्ति बनून निश्चल उभा राहतो, आणि त्याचा पाठलाग करणारे माथुर व दुसरा जुगारी त्याच्यासमोरच डाव मांडून बसतात. हा प्रसंग रंगभूमीवर हंशा पिकवितो यांत शंका नाहीं. परंतु तेवढ्यावरच समाधान मानणें म्हणजे शूद्रकास अर्धाच वाचणें होय. आमच्या मतें परवान्याच्या जुगारावर आपल्या जुन्या वाङ्मयांत याहून मर्मभेदी टीका नाहीं. ती नीट उमगावयाची तर नाटकाशेजारीं स्मृतींतील व अर्थशास्त्रांतील द्यूतप्रकरणें उघडून ठेविलीं पाहिजेत.

जुगाराविषयीं आपल्या शास्त्रकारांत दोन तट आहेत. मनूचा पक्ष सरळ आहे. फांशांचा खेळ आणि प्राण्यांच्या झुंजीवरील पैज हे दोन्ही त्यास उघड चोरीसारखेच वाटतात, म्हणून राजानें ते राज्यांतून हद्दपार करावे असें तो सांगतो. कौटिल्याची वाट निराळी आहे. श्यामशास्त्र्यांनीं 1909 सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाचा शेवटचा अध्याय पाहावा. तेथें द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. त्यानें सारा जुगार एकाच ठिकाणीं, म्हणजे शास्त्राच्या भाषेंत 'एकमुख', चालवावा. अन्यत्र खेळणारास बारा पणांचा दंड करावा. कारण असें कीं, गुप्त धंद्यावर पोट भरणारे लोक अशा ठिकाणीं आपोआप उजेडांत येतात. फांसे निर्दोष असावेत, आणि ते सरकारनेंच पुरवावे. फांसे बदलल्यास दंड आहे. कपटानें खेळल्यास दंड तर आहेच, शिवाय जिंकलेलें द्रव्यही जप्त व्हावयाचें. जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच सरकारचे. फांशांचें भाडें व जागापाण्याचा आकार निराळा. आणि अध्यक्षानें डोळेझांक केली तर गुन्हेगाराच्या दुप्पट दंड त्यालाच. आपल्याच अधिकाऱ्यावर असा वचक ठेवणारा हा नियम आजच्या कायदेपंडितांनींही मनन करण्याजोगा आहे.

याच अध्यायांत एक वाद आला आहे. जुगाराची फिर्याद झाल्यास हरलेल्यास जिंकणारापेक्षां अधिक दंड करावा, कारण तो मूर्ख पराजय सोसूं शकत नाहीं, असें पूर्वाचार्यांचें मत होतें. कौटिल्य तें खोडून काढतो. असें केल्यास राजाकडे दाद मागावयास कोणीच येणार नाहीं, आणि जुगारी तर बहुतेक कपटीच असतात, असा त्याचा प्रतिपक्ष आहे. तेव्हां हरणाराचा विचार कौटिल्यास सुचलाच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. मात्र त्याच्या दृष्टीस पडणारा हरणारा म्हणजे फसविला गेलेला मनुष्य. जो सरळ डावांत हरला, त्याच्याविषयीं अध्याय मुका आहे.

याज्ञवल्क्य येथें आणखी एक पाऊल पुढें टाकतो. जुगारगृह चालविणारा तो सभिक. शंभर किंवा त्याहून मोठ्या डावावर त्यानें शेंकडा पांच घ्यावे, लहान डावावर शेंकडा दहा. राजानें त्याचें रक्षण करावें, त्यानें राजास ठरलेला वांटा द्यावा, आणि हरणाराकडून पैसा वसूल करून जिंकणाराच्या हवालीं करावा. पुढचें कलम विशेष महत्त्वाचें आहे: सभिकाच्या देखत उघड खेळ झाला असेल आणि राजाचा वांटा पोंचला असेल, तरच राजानें हरणारास पैसे द्यावयास लावावें, एरवीं नाहीं. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानें कल्याणीस मिताक्षरा लिहिली, आणि महाराष्ट्रांत ती शतकानुशतकें प्रमाण मानली गेली. या कलमाप्रमाणें राजाचा वांटा हा नुसता कर उरत नाहीं. जुगाराच्या कर्जामागें राजदंड उभा करण्याची ती किंमत होते.

आतां नाटकाकडे वळूं. संवाहक हा पाटलिपुत्रच्या गृहस्थाचा मुलगा. अंग रगडण्याची विद्या तो कला म्हणून शिकला आणि पुढें तिच्यावरच पोट भरूं लागला. उज्जयिनीस चारुदत्तासारखा धनी मिळाला. परंतु चारुदत्त दरिद्री झाला आणि हा जुगाराकडे वळला. दहा सुवर्णांस तो हरला आहे. पकडला गेल्यावर तो एकाकडून अर्धी रक्कम माफ करून घेतो, दुसऱ्याकडून उरलेली अर्धी, आणि आतां कांहीं देणें राहिलें नाहीं असें म्हणून चालूं लागतो! माथुर अर्थातच त्यास धरतो. बाप विक, आई विक, तीं नसतील तर स्वतःस विक, असें त्याला सांगण्यांत येतें. आणि तो खरोखरच रस्त्यांतील लोकांस, दहा सुवर्णांना मला विकत घ्या, म्हणून विनवूं लागतो. येथपर्यंत हंसत आलेला प्रेक्षक येथें थांबतो.

या साऱ्या प्रसंगांत राजाचा एकही अधिकारी रंगभूमीवर येत नाहीं. दर्दुरकाच्या भांडणांत राजकुलाचा उल्लेख येतो तेवढाच. वसुलीचें काम स्मृतीनें सभिकाकडे सोंपविलें होतें आणि सभिक तें करीत आहे. आपण फसविले गेलों अशी तक्रार संवाहक स्वतः करीत नाहीं. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष तेथें येऊन उभा राहिला असता, तरी संवाहकास वांचविण्यासाठीं त्याच्या हातांत एकही कलम नव्हतें.

मूर्तीचा प्रसंगही याच दृष्टीनें वाचावा. माथुर व त्याचा सोबती मूर्ति हालवून पाहतात, तोंवर संवाहक दम धरतो. पण फांशांचा खुळखुळाट कानीं पडतांच त्याचा निश्चय ढासळतो आणि लपलेला मनुष्य होऊन बाहेर येतो. फांसे शुद्ध कीं अशुद्ध हें शास्त्रानें पाहिलें. शुद्ध फांशांचा आवाजही माणसास कसा ओढून नेतो हें नाटककारानें पाहिलें. अखेर दर्दुरक माथुराच्या डोळ्यांत धूळ फेंकतो, संवाहक वसंतसेनेच्या घरांत आश्रय घेतो, आणि ती आपलें कंकण देऊन त्यास ऋणमुक्त करते. तें मिळतांच माथुराचा राग मावळतो. देणें फिटलें, आतां पुन्हा खेळावयास ये, असा निरोप तो त्या कुलपुत्रास धाडतो. धंद्याच्या शिष्टाचाराचा हा एक निरोप साऱ्या मारहाणीहून भयंकर आहे.

ही टीका जुन्या काळापुरती नाहीं. ब्रिटनमध्यें 1845 च्या कायद्यानें पैजेचें कर्ज कोर्टांतून वसूल होण्याचें बंद झालें होतें. आपल्या 1872 च्या करार-कायद्याचें 30 वें कलम त्याच वळणाचें असून तें आजही जिवंत आहे. परंतु ब्रिटननें 2005 सालीं नवा कायदा केला, आणि सप्टेंबर 2007 पासून तेथें असें कर्ज पुन्हा वसुलीस पात्र झालें. न कळत ते याज्ञवल्क्याच्या दारीं परत आले! परवाने देणाऱ्या आयोगापुढें या कायद्यानें तीन हेतु ठेविले: गुन्हेगारी दूर ठेवणें, खेळ सचोटीचा राखणें, आणि मुलें व दुबळे लोक यांचें रक्षण करणें. पहिले दोन कौटिल्यास ठाऊक होते. तिसरा नवा आहे, आणि तोच संवाहकाचा. पण त्याची अंमलबजावणी रेंगाळली. क्रेडिट कार्डावर, म्हणजे उसन्या पैशावर, जुगार खेळण्यास तेथें बंदी झाली ती एप्रिल 2020 मध्यें. आणि व्यसनाधीनांच्या उपचारांसाठीं परवानेदारांवर सक्तीची पट्टी बसली ती एप्रिल 2025 मध्यें.

आपल्याकडे गोव्याचें उदाहरण आहे. तेथील 1976 च्या जुगारबंदीच्या कायद्यांतच 1992 सालीं पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांस आणि 1996 सालीं जहाजांवरील जुगारास वाट करून देण्यांत आली. मांडवींतील कॅसिनो हें त्याचें फळ. गोमंतकीयांना तेथें प्रवेशबंदी झाली ती 2020 मध्यें, आणि जुगार-आयुक्ताचें काम त्याच वर्षीं राज्याच्या कर-आयुक्ताकडे देण्यांत आलें. आपल्या माणसांना दूर ठेवावें असें ज्या खेळाविषयीं सरकारासच वाटतें, त्याचा पहारा आणि वसुली एकाच हातीं असावीं, हें कौटिल्यास अनोळखी वाटलें नसतें. केंद्र सरकारनें तर ऑनलाइन जुगाराच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून शेंकडा 28 कर बसविला आणि ऑगस्ट 2025 मध्यें पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला. कौटिल्याकडून मनूकडे जावयास दोन वर्षें पुरीं लागलीं नाहींत. परंतु बंदीनें संवाहकाच्या कानांतील खुळखुळाट थांबत नाहीं. तो चोरून खेळूं लागला तर मनूच्या राज्यांतही त्याची विचारपूस करणारा कोणी नसतो.

शूद्रकानें यावर उपाय सुचविला नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. वसंतसेनेचें औदार्य आणि संवाहकाचा संन्यास हीं कांहीं राज्यकारभाराचीं साधनें नव्हेत, हें आम्हांसही मान्य आहे. पण नाटककारानें एक हिशेब मात्र चोख मांडला आहे. ज्या मनुष्याची किंमत जुगारगृहांत दहा सुवर्ण ठरली होती, तोच भिक्षु होऊन आठव्या अंकांत मृतप्राय वसंतसेनेस जीवदान देतो आणि नाटकाच्या शेवटीं साऱ्या विहारांचा प्रमुख होतो. परवाना देणाऱ्या राज्यानें आपल्या पांच टक्क्यांच्या वहींत हा माणूस कोठें मांडला आहे, हें त्या त्या कायद्यास विचारावें. दुसरा अंक वाचून ज्यास हा प्रश्न सुचला, त्यास शूद्रक समजला असें आम्ही म्हणूं.