जेवण कोणी केलं?

विल्यम फॉकनरच्या ‘द बेअर’ या दीर्घकथेच्या सुरुवातीच्या पानांत शिकारीच्या तळावरच्या जेवणाबद्दल मोजून दोन-तीन ओळी आहेत. आइक मॅकास्लिन दहा वर्षांचा आहे. मिसिसिपीतल्या टॅलाहाची नदीकाठच्या जंगलात, मेजर डी स्पेनच्या तळावर, तो मोठ्या माणसांबरोबर पहिल्यांदाच आलाय. आंबूस पाव, अस्वलापासून रॅकूनपर्यंत आजवर कधी न चाखलेली मांसं, घाईघाईत रांधलेलं सगळं. हे खाताना आपण पुरुष झालो असं त्याला वाटतं. आणि रांधणारे कोण? तर आधी शिकारी आणि मग स्वयंपाकी असलेले पुरुष, असं निवेदक म्हणतो.

हे खरं नाही. त्या तळावर स्वयंपाक करणारा माणूस एकच आहे. त्याचं नाव अ‍ॅश. तो म्हातारा आहे, काळा आहे, आणि शिकारी तर अजिबात नाही. वर्षानुवर्षं दर नोव्हेंबरात तो या तळावर येतो, चूल पेटवतो, माणसांना जेवायला उठवतो, कुरकुरतो. बंदूक त्याच्या हाती येते ती सगळ्या कथेत एकदाच, आणि तो प्रसंग विनोद म्हणून सांगितलाय.

‘द बेअर’वर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. ओल्ड बेन नावाचं ते प्रचंड अस्वल, लायन नावाचा कुत्रा, आइकचा गुरू सॅम फादर्स, जंगलाचा अंत या सगळ्यांवर. मराठीत जे कोणी फॉकनरबद्दल बोलतात तेही बहुधा याच वाटेने जातात, आणि ती वाट चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही. मला फक्त अ‍ॅशच्या चुलीपाशी थोडं थांबायचंय. कारण ही कथा ज्या पुस्तकात आहे, त्या ‘गो डाउन, मोझेस’मध्ये (1942) कोण कोणासाठी रांधतं आणि कोण कोणाबरोबर जेवतं हा प्रश्न पहिल्या पानापासून आहे. तळावर पोचल्यावर मात्र पुस्तकाला तो जणू दिसेनासा होतो. दिसेनासा होतो की दाखवायचाच नाही, हे ठरवण्यासाठी हा लेख.

आधी एक शंका बाजूला काढू. फॉकनरला स्वयंपाकघर लिहिता येत नव्हतं म्हणून तळावरचं स्वयंपाकघर धूसर राहिलं, असं म्हणता येणार नाही. ‘द साउंड अँड द फ्युरी’चा (1929) शेवटचा भाग आठवा. ईस्टरची पावसाळी सकाळ, डिल्सी एकटी चुलीत लाकडं सारते, पीठ चाळते, बिस्किटांसाठी मळते, गुणगुणते, आणि जिन्यावरून मालकीणबाई गरम पाण्याच्या पिशवीसाठी पुन्हा पुन्हा हाका मारतात. मळायला घेतलेलं सोडून जिना चढणं, पुन्हा उतरून चूल बघणं, ही ओढाताण वाचतानाही दमायला होतं. हे लिहिणारा लेखक तळावरच्या पावाला दोन शब्दांत उरकतो तेव्हा त्यामागे काहीतरी आहे.

तळावरच्या व्हिस्कीला मात्र तो उरकत नाही. शेकोटीशी फिरणाऱ्या बाटलीबद्दल तो थेट पूजेच्या भाषेत बोलतो. ते पेय बायकांचं नाही, पोरासोरांचं नाही, फक्त शिकाऱ्यांचं. मारलेल्या जनावराचं रक्त नव्हे, तर रानाच्या अमर वृत्तीचा अर्क; रग आणि कस अंगात उतरावा म्हणून नव्हे, तर त्यांना वंदन म्हणून प्यायचा. व्हिस्की संपते तेव्हा बून आणि आइकला थेट मेंफिसला पाठवलं जातं, आणि त्या प्रवासाला कथेत ऐसपैस जागा मिळते. म्हणजे पिणं हा विधी आहे, खाणं ही दीक्षा आहे, आणि रांधणं नुसती सोय. आपल्याला हे नवीन नाही. सह्याद्रीत ट्रेक करून आल्यावर आपण चढणीबद्दल, धुक्याबद्दल लिहितो. पायथ्याच्या ज्या घरात पंधरा जणांसाठी पिठलं-भाकरी झाली, त्या घराला फार तर ‘अप्रतिम’ एवढं विशेषण मिळतं. मराठीत तर सोयच आहे: ‘जेवण केलं’ म्हणजे रांधलं की खाल्लं, हे सांगायची गरजच पडत नाही.

आता पुस्तकाकडे. त्याची पहिली कथा ‘वॉज’. साल 1859. घरात कोल्हा सुटलाय, त्याच्यामागे कुत्रे धावतायत, आणि अंकल बडी हातात जळणाचं लाकूड घेऊन शिव्या देतोय, कारण त्याच्या न्याहारीची वाट लागतेय. हा बडी म्हणजे आइकचा काका. गोरा, जमीनदार, आणि घरचा स्वयंपाक स्वतः करणारा. पुस्तकातला तेवढा एकच गोरा आचारी. त्याच कथेत पुढे घोड्यावरून जी ‘शिकार’ निघते ती टोमीज टर्ल या पळालेल्या गुलामाची. हसतखेळत सांगितलेली, आपणही हसतो. नंतर कळतं की टर्ल हा त्या शिकाऱ्यांचा सावत्र भाऊ आहे, त्यांच्या बापाला गुलाम स्त्रीपासून झालेला. आणि अजून पुढे, मेजर डी स्पेनच्या तळावर अ‍ॅशबरोबर पडेल ती कामं करणारा जो ‘टेनीज जिम’ आहे, तो या टर्लचा मुलगा. म्हणजे आइकचा रक्ताचा नातेवाईक. तळावर आइक शिकतो, जिम राबतो.

आणि ‘द फायर अँड द हार्थ’मधलं ते ताट. रॉथ एडमंड्स हा गोरा मुलगा मॉली या काळ्या स्त्रीच्या हाताखाली वाढलेला. तिचा मुलगा हेन्री त्याचा सखा. दोघं एका अंथरुणात झोपतात, एका टेबलाला जेवतात. सातव्या वर्षी एके रात्री रॉथ अचानक हेन्रीला आपल्याशेजारी झोपू देत नाही. काही काळाने पश्चात्ताप होऊन तो मॉलीकडे जेवायला जातो. बघतो तर टेबलावर फक्त त्याच्या एकट्याचं पान मांडलेलं. मॉलीने काहीही न बोलता, त्याने काढलेली रेघ ताटातून पाळली आहे. मी खाताना खायची तुला लाज वाटते का, असं तो हेन्रीला विचारतो. हेन्री शांतपणे सांगतो की मला कोणाचीच लाज नाही, स्वतःचीही नाही. माझ्या मते पूर्ण पुस्तकातली ही सगळ्यात भयंकर जागा आहे, अस्वलाच्या मृत्यूपेक्षाही.

मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, पण त्यात एक उलटापालट आहे. आपल्याकडे विटाळ हातालाही होता. सोवळ्यातल्या घरात आचारी ब्राह्मणच लागायचा. कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर सगळी उतरंड. अमेरिकेच्या दक्षिणेत हात चालत होता, पंगत चालत नव्हती. काळ्या बाईने मळलेलं पीठ गोऱ्यांच्या घरी रोज चालायचं, तिने त्याच टेबलाला बसणं चालायचं नाही. शिकारीच्या तळावर ही रेघ पुसली जाते असा एक भाबडा समज ‘द बेअर’च्या वाचकांत आहे, आणि कथेची सुरुवात त्याला खतपाणी घालते: जंगलात कोणी गोरा नाही, काळा नाही, फक्त माणूस आणि शिकारी. पण शिकारी नसेल तो? त्याच्यासाठी या वाक्यात जागा कुठे आहे?

मी ई-बुकमध्ये ‘अ‍ॅश’ शोधून त्याच्या जागा एकापाठोपाठ एक वाचून काढल्या. प्रोग्रॅम कुठे अडकतो हे बघायला लॉग वाचतात तशा. असं वाचल्यावर स्वयंपाकघर नुसतं पाठीमागचा पडदा राहत नाही. आइकला ओल्ड बेनची चाहूल लागते ती स्वयंपाकघरापाशी. अस्वलाच्या वाटेला जाऊन आलेले कुत्रे त्याच्या फरशीखालच्या अंधारात घुसून बसलेत, नुसते डोळे चमकतायत, आणि सॅमबरोबर उकिडवा बसून आइक आत बघतो तेव्हा कुत्र्यांच्या वासापलीकडचा कसलातरी वास त्याला येतो. वर चूल, खाली भीती. कथेच्या शेवटच्या भागातही, लाकडाच्या कंपनीला जंगल विकलं गेल्यावर आइक पुन्हा तिथे जातो, तेव्हा पायाखाली बघून चाल, त्यांचे दिवस आहेत, असं बजावणारा अ‍ॅशच. थोड्या वेळाने आइकला खरंच मोठा साप भेटतो आणि तो हात उंचावून त्याला ‘आजोबा’ म्हणून वंदन करतो. त्या वंदनावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. इशारा आचाऱ्याने दिला होता याकडे फारसं कोणी बघत नाही.

त्याच वाटेवर आइकला अ‍ॅशची शिकार आठवते. आइकने पहिलं हरीण मारलं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि अ‍ॅशचं बिनसलं. आता हे पोरही शिकारी झालं. मग उद्या मीही जाणार. त्याला नेलं जातं, सोबत आइक. एक लहानसं अस्वल समोर मागच्या पायांवर उभं राहतं. अ‍ॅश घोडा दाबतो. बार उडत नाही. पुन्हा दाबतो, पुन्हा नाही. अस्वल निघून जातं. संपलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चूल.

हे विनोदी आहे का? फॉकनरच्या हाताने याला दोन उत्तरं दिली आहेत. ‘द बेअर’चा चौथा भाग म्हणजे सोळाव्या वर्षी आइकने वाचलेल्या घराण्याच्या चोपड्या: गुलामांची खरेदी, जन्म, मृत्यू, आणि आजोबांनी आपल्याच मुलीवर केलेला अत्याचार, सगळं जमाखर्चाच्या नोंदींत. ते वाचून तो एकविसाव्या वर्षी वारसा सोडतो. हा भाग वाचून आपण पाचव्या भागातल्या अ‍ॅशपाशी येतो, तेव्हा न उडणारा बार कानात वेगळा वाजतो. चोपडीत राहून गेलेली ती एक नोंद आहे, आणि आइकलाही ती वाचता आलेली नाही. त्याला फक्त आठवतं आणि गंमत वाटते. पण 1955मध्ये शिकारकथांचा ‘बिग वुड्स’ हा संग्रह काढताना फॉकनरने चौथा भाग गाळला. तिथे अ‍ॅश खरंच नुसता विदूषक होतो. ‘बिग वुड्स’ दिसायला देखणं पुस्तक असेल, पण ‘द बेअर’ त्यातून वाचू नये, असं मी सांगेन.

म्हणून सुरुवातीचं ते खोटं वाक्य मला लेखकाची चूक वाटत नाही. ते दहा वर्षांच्या आइकचं म्हणणं आहे, आणि पुस्तक ते हळूहळू खोटं पाडतं. पूर्णपणे मात्र नाही. इथे माझी तक्रार आहे. ‘गो डाउन, मोझेस’ अर्पण केलंय कॅरोलाइन बारला, फॉकनरला वाढवणाऱ्या, गुलामगिरीत जन्मलेल्या बाईला. डिल्सीला, मॉलीला त्याने स्वतःचा आवाज दिला. अ‍ॅशला आवाजाऐवजी कुरकुर दिली. रागावायचा अधिकार त्याला आहे, पण तो राग कशाचा, हे सांगायला एकही पान नाही. घरातली चूल फॉकनरला दिसते. पुरुषांच्या जगातली चूल दिसली, तर त्या जगाची सगळी जादू उतरेल, अशी त्याला धास्ती असावी.

‘डेल्टा ऑटम’मध्ये आइक ऐंशीच्या घरात आहे आणि तळावर तंबू आलेत. सकाळी सगळे शिकारीला गेल्यावर एक तरुण बाई तान्हं मूल घेऊन येते. मुलाचा बाप रॉथ एडमंड्स, तोच, मॉलीच्या टेबलावर एकटा बसवलेला. तो आइककडे तिच्यासाठी पैशांचं पाकीट ठेवून निघून गेलाय. बोलता बोलता ती सांगते, माझ्या आजोबांचं नाव जेम्स बीचम. तुम्ही त्यांना टेनीज जिम म्हणायचात, पण त्यांना नाव होतं.

अ‍ॅशबद्दल असं सांगायला कोणी येत नाही. पुस्तकात तो ‘ओल्ड अ‍ॅश’ असतो, नाहीतर ‘अंकल अ‍ॅश’. याचं मराठी करायला बसलं की पेच पडतो. ‘अ‍ॅशकाका’ म्हणावं तर त्यात लगेच आपली माया येते, वयाचा मान येतो. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी वयस्क काळ्या माणसाला ‘अंकल’ म्हणायचं ते त्याला ‘मिस्टर’ म्हणावं लागू नये म्हणून. ‘अ‍ॅश आचारी’ बरं, पण मग आचाऱ्याला आपल्याकडे सोवळ्याचा वास चिकटलेला. मी अनुवाद केला तर ‘म्हातारा अ‍ॅश’ एवढंच ठेवेन, आणि जिथे ‘अंकल’ आहे तिथे ‘अंकल’च.