चेहऱ्यातला उसना भाग

माझ्या आजीचा एकच फोटो आहे. कुणाच्या तरी लग्नातला. ती तिसऱ्या रांगेत, चेहरा करंगळीच्या नखाएवढा. बाबा नऊ वर्षांचे असताना ती गेली. दोन वर्षांपूर्वी मी तो फोटो एका सॉफ्टवेअरला देऊन मोठा आणि स्वच्छ करून घेतला. बाबांनी तो बराच वेळ हातात धरला, मग फ्रेम करून भिंतीवर लावला. दिवाळीत मोठी आत्या आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "ही कोण रे?" आजीचा पुढचा एक दात ओठावर यायचा. सॉफ्टवेअरनं तो सरळ करून टाकला होता.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. जिथे माहिती नसते तिथे सरासरी भरली जाते, हे मला माहीत असायला हवं होतं. ही बोच घेऊनच मी कॅरोलाइन विल्किन्सन यांच्या कामाकडे वळलो.

विल्किन्सन यांची कारकीर्द एका विभागात मावत नाही. मँचेस्टर विद्यापीठात चेहऱ्याच्या मानवशास्त्रात पीएच.डी., तिथेच वैद्यकीय कलेच्या विभागाचं नेतृत्व, मग डंडी विद्यापीठात मानवी ओळख आणि फॉरेन्सिक कला यांचं अध्यापन, आणि पुढे लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या कलाशाखेत प्राध्यापकी. म्हणजे हाडं वाचायला शिकवायचं, आणि चेहरा घडवायलाही. एकाच माणसानं दोन्ही करण्यात एक धोका आहे: मानवशास्त्रज्ञ जिथे थांबतो, तिथून पुढे जायचा मोह कलावंताला होतो.

त्यांची पद्धत या मोहाला आवर घालणारी आहे. जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर ठरावीक बिंदूंपाशी मांस आणि कातडी किती जाड असते, याची मोजमापं उपलब्ध असतात. त्या जाडीच्या खुंट्या कवटीवर लावायच्या, स्नायू एकेक करून बसवायचे, दातांवरून ओठ ठरवायचे. जिवंत माणसांच्या स्कॅनवर त्यांनी २००६मध्ये ही पद्धत तपासली, तेव्हा चेहऱ्याच्या सुमारे ६७ टक्के पृष्ठभागावर चूक दोन मिलिमीटरच्या आत होती. आकडा चांगला आहे. पण टक्केवारी पृष्ठभागाची असते, ओळखीची नाही. गालावरचे दोन मिलिमीटर कुणाच्या लक्षात येणार नाहीत. नाकाच्या शेंड्यावरचे येतील.

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड. १४८५मध्ये बॉसवर्थच्या लढाईत, वयाच्या ३२व्या वर्षी तो मारला गेला. २०१२मध्ये लेस्टरमधल्या एका पार्किंगच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला, आणि २०१३च्या फेब्रुवारीत विल्किन्सन यांनी घडवलेला चेहरा जगापुढे आला. चेहऱ्याचा आकार जुनी चित्रं न बघता, फक्त कवटीवरून काढलेला होता. केस आणि कपडे मात्र चित्रांवरून घेतले होते, कारण हाडांना केसांचा रंग माहीत नसतो. पुढच्याच वर्षी डीएनए तपासणीचा निष्कर्ष आला: डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के, केस सोनेरी असण्याची ७७ टक्के, निदान लहानपणी तरी. पुतळ्याचे रंग बदलावे लागले.

मला ही घटना अपयश वाटत नाही. या कलाकृतीची सर्वांत चांगली समीक्षा तीच आहे. बदललं ते नेमकं उसनं घेतलेलं होतं. हाडांतून आलेलं जागेवर राहिलं. शिवण कुठे होती हे त्या दुरुस्तीनं दाखवलं. माझी तक्रार एवढीच, की पुतळा स्वतः ती शिवण दाखवत नाही. हनुवटी आणि केस तो सारख्याच खात्रीनं सांगतो. अनेकांना त्या चेहऱ्यावर दयाळूपणा दिसला, आणि नाटकांतला दुष्ट राजा खोटा ठरल्यासारखं वाटलं. दयाळूपणा कुठल्याच कवटीत नसतो.

फॉरेन्सिक कलेचं मूळ काम वेगळं आहे. बेवारस मृतदेहाचा चेहरा हा पुरावा नसतो, तो एक प्रश्न असतो: हा तुमचा कुणी आहे का? कुणी 'असेल' म्हणालं, की डीएनए किंवा दातांची तपासणी निकाल देते आणि चित्राचं काम संपतं. म्हणून अशा चित्रांत ठाऊक नसलेले केस मुद्दाम अस्पष्ट ठेवण्याची पद्धत आहे. ओळखणाऱ्याला जागा हवी असते. राजाच्या बाबतीत ओळखणारं कुणी उरलेलंच नाही, आणि प्रश्न परस्पर उत्तर होऊन बसतो. बिनकेसांच्या, करड्या डोक्यासमोर प्रेक्षक थांबला नसता, हा बचाव मला मान्य आहे. पण ती गरज प्रेक्षकाची आहे, मृताची नाही.

आजीचा मूळ, धूसर फोटो आता मी त्या फ्रेमशेजारी लावला आहे. आत्या तोच बघते. बाबा म्हणतात, उशीर झाला. आई आठवायची म्हटलं की आता मला ते सरळ दातच दिसतात.