दहा पौंड आणि मक्याची कणसे

आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने उभारले, सुतारकाम, छपाई, शेती शिकवली. या कार्याबद्दल आपल्याकडे दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक मत म्हणते, मिशनरी आले म्हणून तिथला माणूस माणसात आला. दुसरे म्हणते, एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात बंदूक. बाकीचे सारे ढोंग. दोन्ही मतांत एक सोय आहे. जो त्या शाळेत शिकला त्याला काही विचारावे लागत नाही. झिंबाब्वेच्या त्सित्सी दांगारेम्ब्गा यांची १९८८ साली प्रसिद्ध झालेली 'नर्व्हस कंडिशन्स' ही कादंबरी नेमके त्यालाच, किंबहुना तिलाच, बोलते करते. दलित साहित्याच्या वाचकाने ही कादंबरी वाचायला हवी ती या कारणासाठी. आपण अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याची चर्चा भरपूर केली, 'पँथर' हे नावही तिकडूनच घेतले. आफ्रिकन कादंबरी मात्र आपल्या व्याख्यानांत अजून पाहुणीच आहे.

कादंबरीचा काळ १९६० च्या दशकाचा, देश तेव्हाचा ऱ्होडेशिया. तांबू ही खेड्यातली मुलगी. घरात फीपुरते पैसे नाहीत, आणि जे आहेत ते थोरल्या भावासाठी. ती बापाजवळ बियाणे मागते, आजीच्या जुन्या तुकड्यात स्वतः मका पेरते, खुरपते, राखते. कणसे भरू लागतात आणि चोरीला जाऊ लागतात. चोर बाहेरचा नसतो. सख्खा भाऊच ती कणसे तोडून मित्रांना वाटत असतो. हे तिला कळते ते रविवारच्या धर्मवर्गाच्या दिवशी, आणि तिथेच ती त्याच्यावर झडप घालते. मास्तर भांडण सोडवतात, कारण विचारतात आणि तिला शहरात, उमतालीला (आजचे मुतारे), कणसे विकायला घेऊन जातात.

तिथे जे घडते त्यावर मी पूर्ण एक तास शिकवते, तरी पुरत नाही. एक वृद्ध गोरी बाई थांबते आणि मास्तरांना फैलावर घेते: एवढ्याशा मुलीला राबवता, लाज वाटत नाही? मास्तर नम्रपणे मुलीच्या गरिबीची कहाणी सांगतात, त्यात थोडी पदरची भर घालतात. बाई विरघळते आणि फीसाठी १० पौंड देते. म्हणजे काय झाले? मुलीने हंगामभर घाम गाळून पिकवलेला मका बाजारात हवा तेवढा मोलाचा ठरला नाही. तिच्या दैन्याची कहाणी मात्र १० पौंडांना गेली. जे तिने कमावले होते त्याचे दान झाले. बाई वाईट नाही, मास्तर तर मुळीच नाहीत. लेखिका दोघांनाही खलपुरुष करत नाही, आणि तिची ताकद इथेच आहे. हा व्यवहारच असा आहे, की श्रमाला भाव नाही आणि करुणेला आहे.

पुढचा भाग आणखी बोचरा आहे. मास्तर ते पैसे मुख्याध्यापकांकडे जमा करतात. बातमी बापाच्या कानी जाते. तो शाळेत येऊन थडकतो: मुलगी माझी, म्हणजे पैसेही माझे. मुख्याध्यापक ठाम नकार देतात. त्या दिवशी तांबूच्या बाजूने उभी राहते ती शाळाच. मिशनच्या शिक्षणाला सरसकट साम्राज्यवादाचे हत्यार म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे काय करायचे ते सांगावे.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जायची आणि आम्ही उभे राहायचो. एक प्राध्यापक हटकून म्हणायचे, बसा आता सरकारचे जावई. पैसे आमच्या हक्काचे होते, पण ते उपकाराच्या सुरात दिले जात. तांबूचे १० पौंड मला म्हणून परके वाटत नाहीत.

तांबूचा काका बाबामुकुरू म्हणजे या व्यवस्थेचे सर्वांत यशस्वी फळ. तो मिशनच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे, इंग्लंडहून शिकून आलेला. त्याची कथा आजी सांगते. गोऱ्यांनी जमिनीवरून हुसकले, माणसे पांगली, आणि तिने नऊ वर्षांच्या पोराला मिशनऱ्यांच्या दारात नेऊन उभे केले. पोर दिवसा त्यांच्या शेतावर राबायचे, रात्री शिकायचे. ही शेती मिशनकडे आली कुठून? १८९० च्या दशकात ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने तिथल्या मिशनांना मोठमोठ्या जमिनी दिल्या. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने देशाची निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखली गेली आणि काळी माणसे नापीक राखीव क्षेत्रांत कोंडली गेली. आधी शेत गेले. मग त्याच मातीवर शेती शिकवणारी संस्था उभी राहिली. दानाचा हिशेब मांडताना हे मागचे पान उलटावेच लागते. आपल्याकडे गायरानाच्या एका तुकड्यासाठी ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही दुसरी बाजू झाकून चालणार नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत १८४१ साली लव्हडेलची संस्था सुरू केली. तिथे पुस्तकी शिक्षणाबरोबर छपाई, बांधणी, सुतारकामही होते. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. पुढे १९५३ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने बांटू शिक्षण कायदा करून मिशनशाळांची कोंडी केली आणि बहुतेक शाळा आपल्या ताब्यात घेतल्या. काळ्याने आपल्या पायरीपलीकडची स्वप्ने पाहू नयेत, हे त्या कायद्यामागचे उघड धोरण होते. हे शिक्षण निव्वळ गुलाम घडवणारे असते, तर मालकांना त्याची भीती का वाटली असती?

पण फुले मिशनच्या शाळेतून बाहेर पडले आणि १८४८ साली त्यांनी शाळा काढली ती स्वतःची. केनियात गिकुयूंनी हेच केले. १९२९ साली मिशनांनी मुलींच्या सुंतेविरुद्ध प्रतिज्ञा मागितली. प्रथा क्रूर होती, यात मला शंका नाही. पण शाळेतला प्रवेश आणि शिक्षकाची नोकरी त्या प्रतिज्ञेला बांधली गेली. पालकांनी मुले काढून घेतली आणि स्वतंत्र शाळा उभारल्या. वर्गणी, जागा, मास्तर सारे त्यांचेच. १९५२ च्या आणीबाणीनंतर ब्रिटिश सत्तेने त्या शाळा बंद पाडल्या. न्गुगी वा थियोंगो यांच्या 'द रिव्हर बिटवीन' (१९६५) मध्ये वाययाकी हा मिशनमध्ये शिकलेला तरुण अशीच शाळा चालवतो. शिक्षणाने सारे सांधता येईल असे त्याला वाटते, आणि लोकांना जमीन हवी आहे हे त्याच्या ध्यानात फार उशिरा येते. कादंबरी म्हणून ती मला थोडी आखीव वाटते. तिथल्या स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः प्रतीक होणेच येते. दांगारेम्ब्गांनी ती उणीव भरून काढली आहे.

बाबामुकुरूची बायको मायगुरू स्वतः एम. ए. आहे. हे कुणाला ठाऊकही नसते. तिचा पगार नवऱ्याच्या संसारात जिरतो. तांबूच्या आईबापांचे लग्न चर्चमध्ये झाले नाही, म्हणून बाबामुकुरू वीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना बोहल्यावर चढवतो. आईची ही विटंबना पाहायला तांबू जात नाही. शिक्षा म्हणून फटके आणि दोन आठवडे मोलकरणीचे काम. कृतज्ञतेचे देणे असे वसूल होते. उपकारकर्ता आता गोरा नाही, सख्खा चुलता आहे, आणि म्हणूनच त्याच्यासमोर तोंड उघडणे अधिक अवघड. न्याशा, त्याचीच मुलगी, तोंड उघडते. तिची अवस्था काय होते ते वाचकाने मुळातूनच वाचावे. गोरा मानसोपचारतज्ज्ञ म्हणतो, असला आजार आफ्रिकन माणसाला होतच नाही. दुःखाचीही अशी वर्णव्यवस्था!

पुढच्या काळात मदतीचे रूप बदलले. १९५० साली निघालेल्या वर्ल्ड व्हिजनसारख्या ख्रिस्ती संस्थांनी दूरदेशीच्या दात्याला एकेक मूल जोडून दिले. मुलाचा फोटो दात्याकडे, महिन्याची रक्कम इकडे. या पैशावर पुष्कळ मुले शिकली, हे मान्यच केले पाहिजे. पण दहा वर्षांच्या मुलाने न पाहिलेल्या माणसाला आभाराचे पत्र लिहायचे, हा धडा कोणत्या विषयात मोडतो? याउलट चर्च ऑफ द ब्रेदरनच्या डॅन वेस्ट यांनी सुरू केलेल्या आणि १९४४ साली पहिल्या कालवडी पाठवणाऱ्या हायफर या कामात एक अट होती: ज्याला गाय मिळाली त्याने तिची पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची. पूर्व आफ्रिकेतही हे काम पसरले. घेणारा इथे देणारा होतो, फोटोतला चेहरा उरत नाही. दान आणि दान यांत हा फरक करता आला पाहिजे. बाबासाहेबांनीही मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याकडे असेच डोळसपणे पाहिले होते. त्यांची महाविद्यालये प्रामुख्याने उच्चवर्णीयांच्याच उपयोगी पडली, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती काही हौस म्हणून नव्हे.

तांबूची कहाणी पहिल्या कादंबरीत संपत नाही. 'द बुक ऑफ नॉट' (२००६) मध्ये ती कॉन्व्हेंटमध्ये अव्वल येते, आणि मानचिन्ह दिले जाते गोऱ्या मुलीला. 'धिस मोर्नेबल बॉडी' (२०१८) मध्ये ती हरारेत बेकार आहे. तिने लिहिलेल्या जाहिरातींचे श्रेय गोरे सहकारी घेत, म्हणून तिने नोकरी सोडली आहे. शेवटी तिला एका पर्यटन कंपनीत काम मिळते आणि ती युरोपियन पाहुण्यांना 'अस्सल खेडे' दाखवायला आपल्याच गावी घेऊन येते. गावच्या बायांनी त्यांच्यापुढे नाचायचे असते. आई नाचायला उभी राहते, आणि पाहुण्याने फोटो काढायला कॅमेरा वर करताच त्याच्यावर तुटून पडते.