व्हॅन डर मीर यांचं व्याख्यान आणि माझा फसवा आलेख

सायमन व्हॅन डर मीर यांचं १९८४ चं नोबेल व्याख्यान बीम कूलिंगकडे वळणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. पण सिम्युलेशन करणाऱ्याने ते जरा सावधपणे वाचावं, असं माझं मत झालंय.

आधी त्याचं बळ. लिउव्हिलच्या प्रमेयानुसार फेज स्पेसमधली घनता वाढवता येत नाही. व्हॅन डर मीर म्हणतात, कण सुटे आहेत, मधे रिकामी जागा आहे. तीच बाहेर सारायची. पिकअप घोळक्याची सरासरी चूक मोजतो, किकर त्या मापाचा धक्का देतो. येडगावच्या धरणाकडेने मेंढरं नेणारा मेंढपाळ एकेक मेंढरू मोजत नाही, कळपाचा कल बघून हाकतो, तसंच काहीसं. कल्पना १९६८ ची, अहवाल १९७२ चा. इतकी अवघड गोष्ट इतक्या सोप्या गणितात क्वचित मांडली जाते.

आता उणीव. कूलिंगला लागणारा वेळ कणसंख्येच्या प्रमाणात वाढतो, हे सूत्रातून कळतं. पण संगणकात किती कण घ्यायचे आणि त्याने काय बदलतं, हे व्याख्यानात नाही. तो त्याचा विषयच नव्हता. तरी आपण ते पाठ्यपुस्तकासारखं वाचतो आणि तिथेच घसरतो.

मीही घसरलो. १० कोटींऐवजी १० हजार कण घेतले आणि बीम सेकंदात थंड! आलेख मिरवलासुद्धा. गाईडनी एवढंच विचारलं, "कण किती?" त्या एका सेकंदाचे खरे १० हजार सेकंद होतात, म्हणजे पावणेतीन तास.

नुसता वेळ गुणूनही भागत नाही. कण कमी केले की त्यांचा सिग्नल घटतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइजही त्याच प्रमाणात कमी धरावा लागतो. (जवळच खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेनांनाही रिसीव्हरच्या नॉइजशीच झगडावं लागतं.) आणि कण एकमेकांवर आदळून बीम तापतो, तो वेगही वाढवावा लागतो. नाहीतर थंड होणं पळतं, तापणं मागे राहतं आणि आलेख खोटा सुंदर दिसतो.

तेव्हा व्याख्यान जरूर वाचा. पण स्वतःच्या प्रत्येक आलेखाखाली कणसंख्या, गेन आणि काळाचं प्रमाण लिहा. दुसऱ्याचा पेपर वाचतानाही आधी याच तीन गोष्टी शोधा.