‘अनधिकृत’ आणि ‘धोकादायक’: मुंबईतील इमारतींच्या नोंदींची भाषा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे मुंबईत दरवर्षी दोन याद्या प्रसिद्ध होतात. महानगरपालिका ‘सी-१’ वर्गातील इमारतींची यादी देते. म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची, म्हणजे ज्यांच्यावर दुरुस्तीसाठी उपकर बसविला आहे अशा जुन्या घरांची, यादी देते. याद्या सर्वांसाठी खुल्या असतात. तथापि खुली यादी ही सुबोध असतेच असे नाही.

‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडावयाची इमारत, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. संकटाची तीव्रता या अक्षरांतून ध्वनित होत नाही. ती आधी ठाऊक असावी लागते. परंतु खरा दोष याहून खोल आहे. ‘धोकादायक’ हे विशेषण वास्तूच्या प्रकृतीचे वर्णन करते. ‘अनधिकृत’ हे तिच्या परवानगीचे. १८८८ च्या महापालिका अधिनियमात पहिल्यासाठी कलम ३५४, दुसऱ्यासाठी कलम ३५१. कार्यालयाच्या दृष्टीने हा भेद आवश्यकच आहे. राहणाऱ्याचा प्रश्न मात्र एकच असतो: हे घर उभे राहील काय?

१६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून अधिक माणसे मेली. कोसळलेला भाग उपकरप्राप्त नसून अनधिकृत होता, असा खुलासा म्हाडाने नंतर केला. एकाच नावाखाली नांदणाऱ्या वास्तूचा कोणता भाग कोणाच्या दप्तरात, हे असे दुर्घटनेनंतर उलगडले. विशेषणांनी जबाबदारीची वाटणी केली; घराची नोंद कोठेच पूर्ण राहिली नाही.

न्यूयॉर्कची तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील २०१२ च्या कायद्याने नगरशासनाची माहिती खुली केली. गृहनिर्माण खाते उल्लंघनांचे ‘अ-धोकादायक’, ‘धोकादायक’, ‘तत्काळ धोकादायक’ असे वर्ग करते. बांधकाम खात्याच्या नोंदी निराळ्या असतात. नोंदींची भाषा तेथेही रुक्ष, कलमांनी बोजड झालेली आहे. परंतु दोन्ही खात्यांच्या नोंदींत इमारतीचा एकच क्रमांक येतो. त्यामुळे वाचकाला त्या जोडून पाहता येतात.

नोटीस म्हणजे सिद्ध झालेला अपराध नव्हे, मग ती प्रसिद्ध केल्याने मालकाची अकारण बदनामी होईल, हा आक्षेप विचारार्ह आहे. त्याचे उत्तर मौन नव्हे, अचूक क्रियापद हे आहे: ‘तक्रार आली’, ‘नोटीस बजावली’, ‘आदेश झाला’, ‘दुरुस्ती पुरी झाली’. प्रत्येक पायरी तारखेसह नोंदविल्यास मालकावर अन्याय होत नाही आणि भाडेकरूही अंधारात राहत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ माहिती मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करण्यास सांगते, आणि तसे करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा असेही म्हणते. येथे स्थानिक भाषा याचा अर्थ केवळ मराठी लिपी नव्हे. जिन्याला तडा गेलेल्या घरात राहणाऱ्याला ज्या शब्दांतून निर्णय घेता येईल, ती ही भाषा होय.