परीक्षण लिहायला बसला आणि कटच उसवला

'क्रिटिकल रीडिंग म्हणजे नेमकं करायचं काय?' संशोधनाची तयारी करणाऱ्यांचा हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. तरीही याचं उत्तम उदाहरण म्हणून मी आमच्या विषयातला पेपर देत नाही, इतिहासातला एक लेख देते. मायकेल जॉन्सन या अमेरिकन इतिहासकाराचा हा लेख २००१ साली 'विल्यम अँड मेरी क्वार्टर्ली' या नियतकालिकात आला. लेख जबरदस्त आहे. शेवटाकडे तो माझ्या मते घसरतो, आणि म्हणूनच तो वाचायला हवा.

आधी प्रकरण समजून घेऊ. साल १८२२, गाव साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन बंदर. शहरात गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय जास्त आणि त्यातले बहुतेक गुलाम. दोनच वर्षांपूर्वी मिसुरीला राज्य म्हणून घ्यायचं की नाही यावरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर तुटून पडले होते. शेवटी १८२० मध्ये तडजोड झाली: मिसुरीत गुलामगिरी राहील, मेनमध्ये नसेल, आणि मिसुरी सोडून उरलेल्या पश्चिमेकडच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या वर ती जाणार नाही. पण संसदेत गुलामगिरीविरुद्ध झालेली भाषणं वर्तमानपत्रांतून दक्षिणेतही पोचली होती. अशा वातावरणात मे महिन्याच्या शेवटी एका गुलामाने मालकाला सांगितलं, की काहीतरी शिजतंय. पुढे डेन्मार्क वेसी नावाच्या सुताराला कटाचा म्होरक्या ठरवलं गेलं. वेसीला १७९९ मध्ये १५०० डॉलरची लॉटरी लागली होती आणि त्यातून त्याने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. २ जुलैला त्याला फाशी दिली. एकूण १३१ जणांना अटक, ३५ जणांना फाशी. ज्या आफ्रिकन चर्चमध्ये हे लोक जमत ते पाडून टाकलं.

पुढची जवळपास पावणेदोनशे वर्षं बहुतेक इतिहासकारांनी ही हकिकत एकाच ठिकाणाहून उचलली: न्यायालयाचे प्रमुख केनेडी आणि पार्कर यांनी त्याच वर्षी छापलेला 'अधिकृत अहवाल'. रिचर्ड वेड यांनी १९६४ मध्ये शंका काढली होती, की शस्त्रांचा मोठा साठा कधी सापडलाच नाही. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग १९९९ मध्ये एडवर्ड पिअर्सन यांनी खटल्याची मूळ हस्तलिखित नोंद पुस्तकरूपात आणली आणि जॉन्सनकडे परीक्षणासाठी पुस्तकं आली, त्यात हे होतं.

आपण असतो तर प्रस्तावना वाचून, चार प्रकरणं चाळून दोन पानं लिहून दिली असती. (नाही म्हणू नका.) जॉन्सन थेट मूळ हस्तलिखित वाचायला गेला आणि छापील पुस्तक त्याच्याशी ओळीनुसार ताडून पाहिलं. ठिकठिकाणी शब्द चुकलेले, मजकूर गळलेला, क्रम बदललेला. प्रकाशनाने पुढे पुस्तकाची विक्री थांबवली.

यावर हसू नये. दुसऱ्या वर्षी मी वाढीच्या वक्राचे आकडे एका जुन्या फाइलमधून माझ्या फाइलमध्ये उतरवले आणि दोन स्तंभ अदलाबदल झाले. दीड महिना मी त्या 'निष्कर्षा'वर खूश होते. मूळ वही उघडली तेव्हा पाच मिनिटांत कळलं. वही माझ्याच कपाटात होती.

पण लेखाचा जीव या चुकांमध्ये नाही. हस्तलिखित हातात आल्यावर जॉन्सनने ते अधिकृत अहवालाशी ताडून पाहिलं. अहवालात वेसीचा खटला रंगवून सांगितलाय: वकील, उलटतपासणी, सगळं. हस्तलिखितात त्या उलटतपासणीचा मागमूस नाही. म्हणजे ज्याला आपण 'नोंद' म्हणत होतो ते न्यायाधीशांनी स्वतःच्या समर्थनार्थ लिहिलेलं निवेदन निघालं. साक्षीदार कोण होते तेही बघा. मंडे गेल, चार्ल्स ड्रेटन, हॅरी हेग: तिघांनाही आधी फाशीची शिक्षा, मग इतरांविरुद्ध जबानी, मग फाशीऐवजी हद्दपारी. पहिली बातमी देणाऱ्या गुलामाला सरकारने स्वातंत्र्य दिलं, वर वार्षिक रक्कम बांधून दिली. न्यायालय बंद दाराआड चाललं आणि काही आरोपींना आपल्याविरुद्ध कोण बोललं हेही कळलं नाही. खुद्द गव्हर्नर बेनेट यांनी यावर आक्षेप घेतला होता. ज्या यंत्रणेत एकच उत्तर दिलं तर जीव वाचतो, तिथून तेच उत्तर वारंवार येणार. आपल्या भाषेत, हे उपकरण एकच आकडा दाखवायला लावून ठेवलेलं आहे.

इथपर्यंत मी जॉन्सनच्या बाजूने. पुढे तो म्हणतो, की कट असा नव्हताच, न्यायालयानेच तो रचला. इथे मी थांबते. उपकरण बिघडलंय यावरून मोजायची गोष्ट अस्तित्वातच नाही असं सिद्ध होत नाही. त्यावरून इतकंच कळतं, की या उपकरणाने आपल्याला उत्तर मिळणार नाही. शिवाय गुलाम वर्तमानपत्रातल्या बातम्यांचा आपल्या परीने अर्थ लावत होते, स्वातंत्र्याच्या गोष्टी करत होते, हे दाखवायला तो त्याच जबान्या वापरतो. कटाबद्दलचं वाक्य दबावाखालचं आणि शेजारचं वाक्य खरं, ही चाळणी कुठली? ती त्याने स्पष्ट मांडायला हवी होती.

तारखाही त्याला अडचणीच्या आहेत. पहिली खबर ३० मेची, दुसऱ्या एका गुलामाची १४ जूनची. न्यायालय बसलं १९ जूनला. न्यायालयाने कट रचला म्हणावं, तर न्यायालयाच्या आधीच्या खबरांचं काय करायचं? जेम्स स्पेडी यांनी २०११ मध्ये त्याच नियतकालिकात याच सुरुवातीच्या साक्षी तपासून त्या विश्वासार्ह ठरवल्या. मला तेही पूर्ण पटत नाही. मधल्या पंधरवड्यात शहरात धरपकड आणि चौकशी सुरू होती. दुसरी खबर पहिलीपासून स्वतंत्र होती की तिच्याच अफवेचा पडसाद? एकाच फ्लास्कमधून घेतलेले दोन नमुने म्हणजे दोन प्रयोग नव्हेत.

काही टीकाकारांचा राग वेगळाच होता: जॉन्सनने बंडखोरांना नुसते बळी करून टाकलं. राग समजतो. २०१४ मध्ये चार्ल्सटनच्या हॅम्प्टन पार्कमध्ये वेसीचा पुतळा उभा राहिला, त्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची खटपट होती. पण एखादा निष्कर्ष आपल्याला दुखावतो हा त्याच्याविरुद्धचा पुरावा नाही. आणि खोट्या खटल्यात फासावर जाताना गप्प राहणं, कोणाचंही नाव न घेणं, हे कमी धैर्याचं आहे असं मला तरी वाटत नाही.

माझी खरी तक्रार मात्र अशी, की सगळ्यात मोठा धागा जॉन्सन अर्धवट सोडतो. विल्यम फ्रीलिंग यांनी १९६६ च्या पुस्तकात मांडलं होतं, की आयात कराविरुद्धच्या साउथ कॅरोलायनाच्या बंडामागे गुलामांच्या उठावाची भीती दडली होती. तो क्रम बघा. डिसेंबर १८२२ मध्ये राज्याने कायदा केला: बाहेरून आलेल्या जहाजावरचा स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशी जहाज निघेपर्यंत तुरुंगात राहील. १८२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी स्थानिक खटल्यात हा कायदा राज्यघटनेविरुद्ध असल्याचं मत दिलं. (हे जॉन्सन वेगळे, पण गंमत म्हणजे १८२२ च्या जूनमध्ये अफवांनी लोक कसे पिसाळतात यावर वर्तमानपत्रात लिहून शिव्या खाणारे हेच.) राज्याने ते मत सरळ धुडकावलं. १८३२ मध्ये त्याच राज्याने केंद्राचा आयात कर रद्दबातल ठरवला. तेव्हाचा गव्हर्नर जेम्स हॅमिल्टन. १८२२ मध्ये चार्ल्सटनचा नगरप्रमुख म्हणून धरपकड चालवणारा हाच.

फ्रीलिंगच्या मांडणीला कट खरा असण्याची गरज नाही, भीती खरी असली की पुरे. पण जॉन्सन म्हणतो तसं हॅमिल्टनसारख्यांनी ती भीती घडवली, फुगवली असेल, तर कारण आणि परिणाम यांची जागा बदलते. भीतीतून राजकारण आलं की राजकारणाने भीती पिकवली? हा प्रश्न जॉन्सनच्याच पुराव्यातून उभा राहतो आणि तो त्याला हात लावून पुढे जातो.

एगर्टन आणि पॅकेट यांनी २०१७ मध्ये या प्रकरणाची कागदपत्रं एका जाड खंडात आणली. दोघेही जॉन्सनचे कडवे विरोधक आहेत, तेव्हा टिपा जपून वाचा. ग्रंथालयात मिळाला तर आधी प्रस्तावना वाचू नका. मे आणि जूनचे कागद काढा, तारखा एका कोऱ्या पानावर लिहा आणि प्रत्येकीपुढे टाका: बोलणारा त्या दिवशी कुठे होता, घरी की कोठडीत.